सड्यांवरची सायकल : वास्कोहून डिचोली आणि पेडणे

वास्कोच्या सायकलस्वाराला चढ शोधत लांब जावे लागत नाही. शहराच्या बाजारातून बायणामार्गे हेडलँड सड्यावर चढायला लागले की पहिल्या काही मिनिटांतच दम कळतो. वर पोचल्यावर एका अंगाला मुरगाव बंदराच्या क्रेन, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र आणि पायाखाली सपाट, काळपट-तांबडा कातळ. हाच कातळ पुढे दाबोळी, सांकवाळ, वेर्णे असा पसरत जातो. दाबोळीचा विमानतळ त्याच पठारावर, समुद्रसपाटीपासून ५६ मीटर उंचीवर आहे. उत्तरेकडे डिचोली आणि पेडणे तालुक्यांत हीच पठारे अधिक मोठी आणि मोकळी होतात, आणि त्यांच्यावरून जाणारे डांबरी रस्ते गोव्यातल्या सायकलींच्या उत्तम वाटा आहेत. किनाऱ्यावरच्या गजबजलेल्या रस्त्यांची जेवढी चर्चा होते, तेवढी या वाटांची होत नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या उघड्या, झाडे नसलेल्या माळरानांवरून जाणारे रस्ते जगभरच्या सायकलस्वारांना ठाऊक आहेत; २०१४ साली ‘टूर द फ्रान्स’ची सुरुवातच तिथून झाली. तिथे थंडी, धुके आणि खुरटी झुडपे असतात. कोकणात आणि गोव्यात त्यांच्या जागी जांभ्याचे सडे आहेत. वाऱ्याला अडवणारे काही नाही, सावली नाही, पाणी नाही आणि नजर पोचेल तिथवर माळ, एवढे मात्र दोन्हीकडे सारखेच.

या प्रदेशाची ठेवण एकदा ध्यानात घेतली की मार्ग आखणे सोपे जाते. वर जांभ्याचे कठीण कवच, खाली मऊ शेडी माती. पावसाने आणि नद्यांनी हे पठार चिरत नेले, त्यामुळे प्रत्येक दोन सड्यांमध्ये एक खोलगट पट्टा येतो. तिथे कुळागरे, भातशेते, खाजने आणि शेवटी नदी किंवा खाडी. सड्यावरून रस्ता एकदम उतरतो, बांधावरून किंवा पुलावरून पलीकडे जातो आणि पुन्हा तितकाच चढतो. चढ लांब नसतात. साठ-सत्तर मीटरांचे असतात, पण उभे असतात आणि संपता संपत नाहीत. असे दहा चढ झाले की सहा-सातशे मीटरांची चढाई होते. सत्तर किलोमीटरची फेरी नकाशावर किरकोळ वाटते, आणि संध्याकाळी पायऱ्या उतरताना मांड्या वेगळेच सांगतात. गोव्यात फेरीचा बेत अंतरावरून करू नये. वाटेत किती नद्या ओलांडायच्या आहेत ते मोजावे, कारण प्रत्येक नदीमागे एक उतार आणि एक चढ ठरलेला असतो.

नवख्याने आधी घराजवळ सराव करावा. हेडलँड सड्याची चढण सकाळी रहदारी सुरू होण्याआधी तीनदा-चारदा केली तरी पुरेशी कसरत होते. त्यापुढची पायरी म्हणजे चिखली, दाबोळी करत बोगमाळो आणि तिथून इसोर्शी-पाळे-वेळसांवचा रस्ता. डोंगराच्या कडेने जाणारा हा रस्ता अनेक ठिकाणी समुद्राच्या अगदी वर येतो. कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवर तीन राजांचे कपेल आहे. तिथपर्यंतची चढण लहान असली तरी तीव्र आहे आणि वरून किनाऱ्याची लांबलचक रेघ दिसते. ६ जानेवारीला तिथे फेस्त असते, त्या दिवशी टेकडी माणसांनी फुललेली असते. सायकलीसाठी दुसरा दिवस निवडावा. दाबोळीच्या आसपास नौदलाचा तळ आहे. तिथे कुंपणापाशी थांबून फोटो काढत बसू नये.

या सरावात दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. एक, गियर. पुण्या-मुंबईच्या सपाट रस्त्यांवर वेगासाठी घेतलेली रोड बाइक सड्याच्या चढाला जड जाते. पुढे ५०/३४ दात्यांची चक्रे आणि मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट असेल तर बहुतेक चढ बसूनच निघतात. मागे सर्वांत मोठे चक्र २५ दात्यांचे असेल तर उभे राहून पायडल मारावे लागते, आणि दिवसाचे आठ-दहा चढ असे काढणे गुडघ्यांना मानवत नाही. दोन, टायर. २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर या रस्त्यांना योग्य. डांबराची कड जिथे तुटते तिथे खाली जांभ्याची खडबडीत धार असते. बारीक टायर त्या धारेवरून गेला की ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात.

ऋतूबद्दल बोलताना बहुतेक जण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच सांगतात. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. त्या महिन्यांत पहाट सुखद असते, रस्ते कोरडे असतात, सड्यावरचे गवत सोनेरी झालेले असते. मात्र सडा खऱ्या अर्थाने जिवंत असतो तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात. कातळावरच्या बोटभर मातीत आणि पाण्याच्या उथळ डबक्यांत सीतेची आसवे, गेंद, तेरडे, पिवळा कवला असे एकामागून एक बहर येतात. कीटक खाणारे दवबिंदूचे इवलेसे रोपही ओल्या कातळावर नीट पाहिले की सापडते. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ज्याला पावसाची तयारी ठेवून निघता येते, त्याने ते दिवस चुकवू नयेत. मार्च ते मे मात्र सड्यावर ऊन वरून लागते तसेच डांबरातून आणि कातळातूनही अंगावर येते. त्या दिवसांत साडेनवाच्या आत सावलीला यायचे, एवढाच नियम.

वीज हा इथला खरा धोका आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. मे महिन्यात आणि पाऊस परतत असताना ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने ढग चढून येतात. मोकळ्या सड्यावर सायकलस्वार हाच आसपासचा सर्वांत उंच उभा आकार असतो. पूर्वेला आभाळ काळवंडले, गडगडाट ऐकू आला की सडा सोडून खालच्या वस्तीत उतरावे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या घरात, देवळात, दुकानात आसरा घ्यावा, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावरही अर्धा तास थांबावे.

वाऱ्याचे गणितही आधीच करून ठेवावे लागते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा वाहतो; दुपारी तो उलटतो आणि पश्चिमेकडून, वायव्येकडून जोर धरतो. वास्को पश्चिमेच्या टोकाला आहे. डिचोलीला गेलेला सायकलस्वार दुपारी घरी निघतो तेव्हा हा वारा बहुधा त्याच्या तोंडावर असतो, आणि तो भेटतो तोही पाय थकल्यावर. त्यामुळे पहाटे साडेपाचला निघून दुपारी एकच्या आत परतीचा मोठा भाग संपवावा. नाहीतर दुपार डिचोली-साखळीत विसाव्यात घालवून चारनंतर निघावे. पण तेव्हा मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवे चालू स्थितीत हवेत.

डिचोलीची फेरी

वास्कोहून उत्तरेला निघायचे तर आधी झुआरी ओलांडायची. चिखली, सांकवाळ करत कुठ्ठाळीपर्यंतचा रस्ता बंदराकडे जाणाऱ्या ट्रक-टँकरांचा आहे. उजाडण्याच्या सुमारास तो पार करणे सर्वांत बरे. कुठ्ठाळी आणि आगशीच्या मधल्या नव्या पुलाची पहिली बाजू २०२२च्या डिसेंबरात खुली झाली. पूल रुंद आहे, उंच आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यावर बाजूचा वारा जोरात लागतो. हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवून, डावीकडची रेघ धरून, मागचा दिवा लुकलुकत ठेवून सरळ पार व्हावे. फोटोसाठी मध्ये थांबण्याची ती जागा नव्हे.

आगशीनंतर राष्ट्रीय महामार्गाचा मोह सोडून द्यावा. पिलारपासून नेवरे-करमळीच्या बाजूने आतले रस्ते जुन्या गोव्याला जातात. वाटेत भाताची खाजने, पाणी आत-बाहेर सोडणारी मानसे आणि करमळीचे तळे लागते. थंडीत या तळ्यावर पाणपक्षी उतरतात. सकाळी या गावांमधून पोदेर फिरत असतो. सायकलीच्या मागे पावांची टोपली आणि हातात भोंगा. गोव्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत नेमाने सायकल चालवणारा माणूस तोच, आणि त्याच्याकडून घेतलेली गरम पोई खिशात टाकली की पुढच्या दोन तासांची सोय होते.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट धक्क्यावर उतरता येते. तिथून फेरीबोट दिवाडीला जाते. फेरीबोटींबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पडण्याचे प्रसंग चढ-उतारांवर कमी आणि फेरीच्या उतरणीवर जास्त येतात. भरती-ओहोटीने ओला राहणारा सिमेंटचा उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो, आणि सायकलीच्या बुटांच्या तळाला असलेली क्लिट त्यावर अजिबात धरत नाही. तिथे उतरून, सायकल हातात धरून, लहान पावले टाकत चालावे. गाड्या आधी चढू द्याव्यात आणि सायकल कठड्याच्या बाजूला लावावी.

दिवाडी बेट सायकलीसाठीच घडवल्यासारखे आहे. रुंद शेते, जुनी घरे, मधोमध टेकडीवर पिएदादचे चर्च. पलीकडच्या टोकाला दुसरी फेरी नार्व्याला उतरवते आणि तिथे डिचोली तालुका सुरू होतो. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे दैवत मूळचे दिवाडीचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथले देऊळ पाडल्यावर देव नदीपार नार्व्याला आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे राज्याच्या पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्याने त्याचे पुन्हा जतन केले आणि २०२३च्या फेब्रुवारीत ते भाविकांसाठी खुले झाले. ज्या पाण्यावरून देव गेला, त्याच पाण्यावरून सायकलस्वार जातो. देवळापाशी पाणी, सावली आणि बसायला जागा आहे. पहिला मोठा विसावा इथेच घ्यावा.

नार्व्याहून मये तलावाकडे आणि पुढे डिचोलीला जाणारा रस्ता झाडीतून वर-खाली होत जातो. या भागात खनिज हा शब्द टाळून पुढे जाता येत नाही. मये, शिरगाव, पिळगाव, सर्वण ही गावे पिढ्यान् पिढ्या लोहखनिजाच्या खाणींच्या सोबत राहिली आहेत. २०१२ साली खाणकाम थांबले, मग काही काळ सुरू झाले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यानंतरच्या काळात हे रस्ते शांत होते आणि सायकलींनी ते आपलेसे केले. आता लिलावानंतर डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे, तेव्हा जुन्या आठवणींवर विसंबून निघू नये. खनिजवाहू ट्रक कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी धावत आहेत हे गावातल्या चहाच्या गाड्यावर विचारले की लगेच कळते. ट्रकांच्या रस्त्यावर तांबडी धूळ बसलेली असते. कोरड्या दिवसांत ती डोळ्यांत आणि सायकलीच्या साखळीत जाते, पहिल्या पावसात तिचा साबणासारखा लगदा होतो. रविवार हा त्यातल्या त्यात निवांत दिवस. डोळ्यांना चष्मा असावा, आणि घरी पोचल्यावर साखळी पुसून, नव्याने तेल घालूनच सायकल ठेवावी. साखळीला चिकट, जाड तेल घातले तर धूळ तिला घट्ट धरते. उन्हाळ्यात पातळ, कोरडे वंगण बरे.

डिचोलीच्या बाजारात भाजी-पाव खाऊन पुढे साखळीजवळ हरवळ्याला जावे. धबधबा, रुद्रेश्वराचे देऊळ आणि जांभ्यात कोरलेली लेणी ही तिन्ही जवळजवळ आहेत. लेण्यांच्या भिंतींवरून हात फिरवला की दिवसभर चाकाखाली असलेला दगड म्हणजे काय हे समजते. ताजा कापला तेव्हा छिन्नीला सहज वाकलेला, आणि उघड्या हवेत शतकानुशतके घट्ट होत गेलेला. याच गुणामुळे गोव्याची घरे चिऱ्यांची आहेत, आणि याच गुणामुळे सड्यांवर जागोजागी चिरेखाणी आहेत. पावसाळ्यात या खाणी पाण्याने भरतात. वरून निळे-हिरवे, शांत दिसते, पण कडा उभ्या कापलेल्या असतात आणि आत उतरलेल्याला वर यायला पायरी सापडत नाही. कितीही उकडले तरी तिथे पोहायला उतरू नये.

साखळीहून परतताना आलेल्या वाटेनेच न जाता आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळे-माशेलमार्गे म्हार्दोळला यावे, आणि तिथून मडकईच्या धक्क्यावर. मडकई-कुठ्ठाळी फेरीने झुआरी ओलांडली की महामार्गाचा पूल टळतो. या वाटेला इतिहासाची एक मोठी साथ आहे. मंगेशीचा देव मूळचा कुठ्ठाळीचा आणि म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकातल्या त्याच छळाच्या काळात दोन्ही दैवते झुआरी ओलांडून अंत्रूज महालात आली. सायकलस्वार त्यांची वाट उलट्या दिशेने पार करून घरी येतो. नार्वे, मंगेशी, म्हार्दोळ ही तीन देवळे एका दिवसाच्या फेरीत अशी जोडली जातात. मोटारीने जाणाऱ्याला मधली पाणी ओलांडण्याची गोष्ट जाणवतच नाही.

सगळी फेरी शंभर ते एकशेदहा किलोमीटरची होते. एवढे झेपत नसेल तर जुन्या गोव्यापर्यंत गाडीने सायकल नेऊन दिवाडी-नार्वे-मये-डिचोली आणि परत, असा पन्नासच्या आतला तुकडा करावा. या फेरीतला सर्वांत सुंदर भाग त्यातच येतो.

शिरगावची लईराई देवीची जत्रा एप्रिल-मे महिन्यांत भरते. अग्निदिव्यासाठी येणाऱ्या धोंडांची आणि भाविकांची संख्या प्रचंड असते, आणि २०२५च्या जत्रेत चेंगराचेंगरीत माणसे दगावली. त्या दोन-तीन दिवसांत अस्नोडा-शिरगाव-डिचोली हा पट्टा सायकलीसाठी बंदच समजावा.

साखळीपर्यंत आलेल्याला चोर्ला घाट खुणावतो. केरी गावातून, अंजुणे धरणाच्या काठाने रस्ता निघतो आणि पंधरा किलोमीटरांहून जास्त चढत सुमारे ८०० मीटर उंचीवर जातो. सड्यांचे चढ एकामागून एक येतात. इथे एकच चढ आहे आणि त्याला धीर लागतो. हा बेळगावचा रस्ता आहे, ट्रक-बस असतातच. म्हादई अभयारण्याला लागून असल्याने सांजवेळी गवे रस्त्यावर येतात. पावसात दाट धुके आणि दरडी. वास्कोहून निघून त्याच दिवशी चोर्ला करून परत येण्याचा हट्ट बहुतेकांनी धरू नये. साखळीत मुक्काम करून पहाटे चढावे आणि दहाच्या आत खाली यावे. केरी सोडल्यावर पंक्चरचे दुकान मिळेल असे धरून चालू नये.

पेडण्याकडे

पेडणे वास्कोहून साठेक किलोमीटर. सायकलीनेच जायचे असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, तेव्हा मांडवी खालच्या जुन्या पुलावरून ओलांडायची. पुढे पर्वरी आणि म्हापशाच्या गर्दीत मन रमत नाही, त्यामुळे सायकल गाडीत घालून कोलवाळपर्यंत किंवा थेट पेडण्यापर्यंत नेणे शहाणपणाचे. मडगावहून कोकण रेल्वेने पेडणे स्थानकावर उतरता येते. सायकल सामान म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून नोंदवावी, कारण पेडण्याला गाडी फार वेळ थांबत नाही. आणि एक रात्र पेडण्यात किंवा हरमलला काढावी. हा तालुका एका दिवसात उरकण्यासारखा नाही.

पेडणे गावात भगवतीचे देऊळ आहे, दारात दोन भव्य हत्ती. तिथून पूर्वेकडची फेरी मोप्याच्या सड्यावर जाते. समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांहून उंच असलेले हे पठार पूर्वी गुराख्यांचे आणि धनगरांचे होते. काजू, गवत, वारा. ११ डिसेंबर २०२२ रोजी तिथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. सड्याचा मोठा भाग कुंपणाआड गेला. हे ज्यांनी आधीचे पठार पाहिले आहे त्यांना लागते, आणि लागायलाच हवे. सायकलस्वाराने विमानतळाच्या वेगवान जोडरस्त्यावर न जाता वारखंड, नागझर, मोपा या गावांतले जुने रस्ते धरावेत. पूर्वेला चांदेल, हसापूर, इब्रामपूर, हणखणे ही गावे महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्याला भिडलेली आहेत. हळर्ण्याला शापोरा नदीच्या काठावर जुना किल्ला आहे. रहदारी कमी, चढ भरपूर, दुकाने तुरळक. दोन बाटल्या भरून आणि खिशात खाऊ ठेवूनच या भागात शिरावे. दोडामार्गच्या बाजूने रानटी हत्तींची ये-जा होते आणि २०२५ साली एक हत्ती पेडणे तालुक्यातही शिरला होता. वाटेत भेटणाऱ्या गावकऱ्याला विचारायला लाजू नये.

उत्तरेला महामार्गावर पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी सीमा ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर इथे पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबहून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण शिक्षक इथेच हुतात्मा झाला. स्मारक रस्त्यालगत आहे. तिथपर्यंत मालपेचा चढ-उतार आहे, आणि पावसाळ्यात तिथे सावध राहावे. जांभ्याखालची शेडी माती पाणी प्यायली की घसरते; २०२४च्या जुलैमध्ये मालपेच्या रेल्वे बोगद्यात चिखल-पाणी घुसून कोकण रेल्वे ठप्प झाली ती या भूरचनेमुळेच. मोठ्या पावसानंतर उभ्या कापलेल्या तांबड्या दरडीखाली थांबून विश्रांती घेऊ नये.

पश्चिमेची फेरी मात्र कोणाही सायकलस्वाराने एकदा करावी अशी आहे. पेडण्याहून कोरगाव. सडा, मग खोलात शेती, मग पुन्हा सडा. तिथून पालये करत किरणपाणी. पूल ओलांडला की आरोंदा, म्हणजे सिंधुदुर्ग. आरोंद्याहून शिरोडा आणि शिरोड्याहून रेडी. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. रेडीत यशवंतगड आहे आणि १९७६ साली खाणीच्या जागेत सापडलेला द्विभुज गणपती. इथेही खनिज, इथेही ट्रक. रेडीहून छोटा चढ घेतला की पुन्हा गोवा लागतो, कारण तेरेखोल गाव नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्याचे आहे. किल्ला सावंतवाडीकरांचा होता. १७४६ साली तो पोर्तुगिजांकडे गेला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. तटाखालून नदी समुद्राला मिळताना दिसते आणि पलीकडे पेडणे तालुक्यातल्या केरीची वाळू.

नदी ओलांडायला फेरीबोट आहे. मोठ्या ओहोटीला ती कधी कधी खोळंबते, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. फेरी चुकली तर किरणपाणीमार्गे सगळा वळसा पुन्हा घालावा लागतो. केरीहून हरमलकडे जाताना समुद्रालगतचा सडा चढावा लागतो. याच कड्यावरून पॅराग्लायडर उडतात, त्यावरून दुपारच्या वाऱ्याची ताकद ओळखावी. पुढे मांद्रे, पार्से, तुये करत पेडण्याला परत.

या सगळ्या वाटांवर पुरेसे पाणी मिळेलच असे नाही, आणि नुसते पाणी पुरतही नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, तो नुसता वाहतो आणि मीठ घेऊन जातो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि त्यात मीठ-साखर-लिंबू, किंवा वाटेत कोकम सरबत, शहाळे, लिंबू-सोडा. हातावर काटा येऊ लागला, डोके दुखू लागले की सावलीत थांबणे हाच उपाय. दुरुस्तीचे सामान स्वतःजवळ असावे : दोन ट्यूब, ठिगळे, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप. गावातल्या सायकलवाल्याकडे साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हला हवा भरायची सोय असते आणि पेट्रोल पंपावर मोटारीच्या. रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला दोन्ही बसत नाहीत. त्यासाठी पितळेचा एक चिमुकला अडॅप्टर मिळतो. तो व्हॉल्व्हच्या टोकालाच फिरवून ठेवावा, म्हणजे घरी राहून जात नाही.

शेवटी सड्यावर वागण्याबद्दल. फुलांच्या दिवसांत रस्ता सोडून चाके कातळावर घालायचा मोह होतो, फोटो चांगले येतात. पण तिथली माती बोटभर जाडीची असते आणि ती साठायला फार मोठा काळ लागलेला असतो. एका चाकाच्या रेषेत बेडकांची अंडी, दवबिंदूची रोपे आणि पुढच्या वर्षीचे बी सगळेच जाते. सायकल डांबरावर टेकवून, अनवाणी किंवा साध्या चपलांनी, दगडावरून दगडावर पाय ठेवत जावे. गुरे चरत असतील तर वेग कमी करून आधीच आवाज द्यावा. मागून अचानक आलेल्या सायकलीने गुरे रस्त्यावरच उधळतात, आणि गुराख्याचा दिवस खराब होतो. रिकामी वेष्टने खिशात घालून खाली आणावीत. सड्यावर कचरा उचलायला कोणी येत नाही, आणि पहिल्या पावसाबरोबर तो सरळ खालच्या शेतात उतरतो.